मेगाकॅरिओसाइटचं वय स्लाइडवर कसं ओळखायचं

मॅरोची, म्हणजे हाडातल्या मज्जेची, स्लाइड हातात आली की नवीन मुलं सरळ तेलाची (शंभरची) लेन्स लावतात आणि ब्लास्ट, म्हणजे अगदी कच्च्या पेशी, शोधत बसतात. तसं करू नका. आधी दहाची लेन्स. मेगाकॅरिओसाइट ही मॅरोमधली सगळ्यात मोठी पेशी, रक्तातल्या प्लेटलेट हिचेच तुकडे. पुरती तयार झालेली असेल तर ५० ते १०० मायक्रॉन, आणि तिच्या शेजारची लाल पेशी जेमतेम सात-आठ मायक्रॉन. पण ती असते फार थोडी, न्यूक्लियस (केंद्रक) असलेल्या दहा हजार पेशींमागे एखादी. शंभरच्या लेन्सवर तासभर स्टेज फिरवलीत तरी ती सापडेलच असं नाही. दहाच्या लेन्सवर मात्र ती आपोआप नजरेत भरते.

मी जळगावात पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) झालेली मुलं-मुली आमच्याकडे येतात, त्यांना मॅरो दाखवायचं काम माझ्याकडे असतं. हे लिखाण त्यांच्यासाठी, आणि धुळे-नंदुरबारकडे एकट्याने लॅब ओढणाऱ्यांसाठीही. रिपोर्टवर सही पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरांची, निदान त्यांचं. पण स्मिअर (काचेवरचा पातळ थर) पसरणं, स्टेन करणं म्हणजे रंगवणं, पहिली नजर टाकून वहीत नोंद करणं आपल्याकडे असतं. त्या वहीत ‘मेगाकॅरिओसाइट्स अ‍ॅडिक्वेट’ (पुरेशा आहेत) एवढंच लिहून मोकळं व्हायची पद्धत पडली आहे, ती मला पटत नाही. किती आहेत हा अर्धाच प्रश्न झाला. त्या किती तयार झाल्यात, प्लेटलेट सोडण्याच्या अवस्थेला आल्यात की नाही, हे लिहिलंत तर डॉक्टरांना त्या नोंदीचा उपयोग.

स्मिअर बिघडला तर पुढचं सगळं फुकट

मॅरो बहुतेक वेळा कमरेच्या हाडातून, मागच्या बाजूने काढतात. सालाह नीडल (मॅरो काढायची सुई) आत गेली आणि सिरिंज ओढली की पहिला ओढा महत्त्वाचा: ०.२ ते ०.३ मिली, बस. डॉक्टरांनी जास्त ओढलं तर मागाहून नुसतं रक्त येतं, मॅरो पातळ होतो आणि मेगाकॅरिओसाइट खोट्याच कमी दिसतात. मी तर शेजारी उभी राहून हळूच म्हणते, ‘सर, पुरे.’ वरिष्ठ डॉक्टर असले तरी म्हणते.

सिरिंजमधला मॅरो तिरप्या धरलेल्या स्लाइडवर सोडा. रक्त खाली ओघळतं आणि मागे राखाडी-पांढरट कण राहतात, त्यांच्याभोवती चरबीचे बारीक थेंब चमकतात. हेच पार्टिकल. ते उचलून दुसऱ्या स्लाइडवर घ्या आणि लगेच पसरा. इथे रेंगाळलात तर मॅरो गोठतो, आणि मेगाकॅरिओसाइट त्या गुठळीतच अडकून बसतात. मग स्मिअरवर एकही दिसत नाही आणि आपण ‘अ‍ॅबसेंट’ लिहायला मोकळे! ज्या स्लाइडवर पार्टिकलच नाही तिच्यावर मेगाकॅरिओसाइट कमी आहेत असं कधीही लिहू नका. ‘पार्टिकल नाहीत, अंदाज देता येत नाही’ असं लिहा, त्यात कमीपणा नाही. आणि पसरताना जोर लावू नका. ही पेशी मोठी असल्यामुळे लवकर फाटते आणि मग नुसते उघडे न्यूक्लियस उरतात.

आता स्टेन. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण आपल्याकडचं हवामान. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या वर जातो. लिशमन स्टेन म्हणजे मिथेनॉलमध्ये विरघळवलेला रंग. स्लाइडवर टाकला की कूलरच्या वाऱ्याने मिनिटाभरात कडेने सुकायला लागतो, आणि सुकला की जांभळे-काळे कण पेशींवर बसतात. नवख्या माणसाला ते ग्रॅन्यूल, म्हणजे पेशीतलेच दाणे, वाटतात. म्हणून उन्हाळ्यात स्टेन जरा सढळ हाताने घ्या, वर पेट्री डिशचं झाकण उलटं ठेवा आणि स्टेनिंगचा रॅक कूलरच्या तोंडापासून हलवा. दोन मिनिटं नुसता स्टेन, मग त्याच्या दुप्पट बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण), पीएच ६.८. रक्ताच्या स्मिअरला सात ते दहा मिनिटं पुरतात, मॅरो जाड असतो म्हणून त्याला थोडा जास्त वेळ द्या. पावसाळ्यात उलटा त्रास. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतो आणि लाल पेशींवर चकचकीत खड्डे-खड्डे दिसतात. बाटलीचं बूच लावा, एवढंच त्याला औषध.

आणि बोअरचं पाणी. स्लाइड धुवायला ते वापरू नका. आपल्या भागातलं बोअरचं पाणी जड असतं, त्याने धुतलेली स्लाइड निळी पडते. एरवी मी त्याचा एवढा बाऊ केला नसता, पण मेगाकॅरिओसाइटचं वय ओळखण्याची मुख्य खूणच ही आहे की तिचा सायटोप्लाझम (न्यूक्लियसभोवतीचा पेशीद्रव) निळ्यापासून गुलाबीकडे जातो. सगळी स्लाइडच निळी असेल तर म्हातारी पेशीसुद्धा तरुण दिसणार. म्हणून आधी लाल पेशी बघा. त्या छान गुलाबी असतील तरच वयाच्या गोष्टी करा. करड्या-निळसर दिसत असतील तर बफर तपासा आणि दुसरी स्लाइड रंगवा.

पेशी वाढते कशी

मॅरोतल्या मूळ पेशीपासून, म्हणजे स्टेम सेलपासून, सगळ्याच रक्तपेशी निघतात. मेगाकॅरिओसाइटची वाट आणि लाल पेशींची वाट बऱ्याच अंतरापर्यंत एकच असते आणि नंतर फुटते. या वाटेवर ढकलणारं मुख्य संप्रेरक थ्रॉम्बोपोएटिन. ते मुख्यतः लिव्हर तयार करतं. १९९४ मध्ये त्याचा जनुक हाती लागला आणि तेव्हापासून या पेशीबद्दलची पुष्कळ कोडी सुटली.

साधी पेशी दुप्पट डीएनए करते आणि दोन होते. मेगाकॅरिओसाइट डीएनए दुप्पट करते, क्रोमोसोम वेगळे व्हायला लागतात, आणि ऐन वेळी पेशी दोन व्हायचं राहून जातं. मग ती परत त्याच फेऱ्यात शिरते. दोनाचे चार, चाराचे आठ, आठाचे सोळा क्रोमोसोम-संच, सगळे एकाच न्यूक्लियसमध्ये. याला एंडोमायटोसिस म्हणतात. माणसाच्या मॅरोत १६ संचांच्या पेशी सर्वांत जास्त सापडतात, काही ३२ आणि ६४ पर्यंत जातात. जितके संच जास्त तितका सायटोप्लाझम मोठा, आणि सायटोप्लाझम मोठा म्हणजे प्लेटलेट जास्त.

स्लाइड बघणाऱ्याने इथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवायची: न्यूक्लियसची वाढ बहुतेक आधी उरकते, सायटोप्लाझम नंतर पक्का होतो. म्हणून नुसता मोठा, पाळ्यापाळ्यांचा न्यूक्लियस बघून पेशी तयार झाली असं ठरवू नका. न्यूक्लियसपासून सुरुवात करा पण निकाल सायटोप्लाझमवर द्या. ही सगळी तयारी व्हायला माणसात साधारण पाच दिवस लागतात. हा पाच दिवसांचा आकडा पुढे लागणार आहे.

एकेक अवस्था

पेशी दहाच्या लेन्सवर सापडली की चाळीसवर जा, ग्रॅन्यूल बघायला तेलावर. शोधताना स्मिअरचं शेपूट, दोन्ही कडा आणि पार्टिकलच्या आजूबाजूचा भाग आधी धुंडाळा. मोठ्या पेशी ओढत-ओढत तिकडेच जाऊन साठतात.

पहिली, मेगाकॅरिओब्लास्ट. ही सर्वांत फसवी. आकाराने बाकीच्या ब्लास्टपेक्षा थोडी मोठी, न्यूक्लियस गोल किंवा मूत्रपिंडासारखा आत दबलेला, त्याच्याभोवती गडद निळ्या सायटोप्लाझमची पातळ कड. त्या कडेला बाहेरच्या बाजूने छोटे फुगे आलेले असतील तर शंका घ्या. पण साध्या स्टेनवर खात्रीने नाव देऊ नका. अशा पेशी खूप दिसल्या तर फ्लो सायटोमेट्रीवर (पेशीवरच्या खुणा शोधणारी तपासणी) सीडी४१ आणि सीडी६१ या खुणा बघाव्या लागतात. आमच्याकडून तसं सॅम्पल बाहेर जातं. आपण फक्त ‘निळ्या कडेच्या, फुगे असलेल्या मोठ्या ब्लास्ट’ असं वर्णन लिहायचं.

दुसरी, प्रोमेगाकॅरिओसाइट. आता आकार उघड वाढलेला. न्यूक्लियस घोड्याच्या नालेसारखा वळलेला किंवा दोन-चार पाळ्यांचा. सायटोप्लाझम अजून निळाच, पण न्यूक्लियसच्या खोबणीजवळ बघा, तिथे तांबूस ग्रॅन्यूलचा पहिला पुंजका उमटलेला असतो. तेलावर फोकसचं बारीक चाक थोडं पुढे-मागे करा, म्हणजे तो पुंजका पेशीच्या आत आहे की वर पडलेला स्टेनचा कचरा आहे ते कळतं. कचरा वेगळ्या पातळीवर फोकस होतो, आणि पेशीच्या बाहेरही सांडलेला असतो.

तिसरी, ग्रॅन्युलर, म्हणजे पक्की मेगाकॅरिओसाइट. एकदा पाहिली की विसरत नाही. न्यूक्लियसच्या पाळ्या एकमेकींवर चढलेल्या, क्रोमॅटिन (न्यूक्लियसमधला डीएनएचा माल) घट्ट, आणि भोवती ऐसपैस गुलाबी सायटोप्लाझम, त्यात तांबूस-जांभळे ग्रॅन्यूल पसरलेले. त्यांत अल्फा ग्रॅन्यूल असतात, ज्यांत फायब्रिनोजेन, व्हॉन विलब्रँड फॅक्टर वगैरे गोठवण्याचा माल भरलेला. डेन्स ग्रॅन्यूल वेगळे, त्यांत एडीपी, सेरोटोनिन, कॅल्शियम. आपल्या मायक्रोस्कोपवर ही दोन वेगळी करता येत नाहीत, तो प्रयत्न नको. सायटोप्लाझमच्या आत पटलांचं जाळंही या वेळेपर्यंत तयार झालेलं असतं, पण ते इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचं काम. आपल्याला दिसतं ते एवढं की ग्रॅन्यूल कडेला छोट्या-छोट्या गटांत जमायला लागतात, आणि कड गुळगुळीत न राहता विस्कटते. नशीब असेल तर कडेला चिकटलेल्या प्लेटलेट दिसतात. या पेशीपुढे वहीत ‘प्लेटलेट सोडणारी’ असं लिहा.

प्लेटलेट सुटतात कशा, हे मुलांना मी शेवेच्या सोऱ्यावरून सांगते. शेवभाजीच्या मुलखात दुसरं उदाहरण शोधायची गरज नाही. मॅरोतल्या रक्तवाहिनीच्या भिंतीला लागून ही पेशी बाहेर बसते आणि भिंतीतल्या फटींतून आपल्या सायटोप्लाझमचे लांब दोरे आत, वाहत्या रक्तात सोडते. सोऱ्याखाली लोंबलेली शेव कढईत तुटते तसे ते दोरे रक्ताच्या ओघात तुटतात, आणि तुकडे म्हणजे प्लेटलेट. या दोऱ्यांना प्रोप्लेटलेट म्हणतात. एका पेशीतून एक ते तीन हजार प्लेटलेट निघतात. मोठ्या माणसाच्या शरीरात रोज साधारण दहा हजार कोटी नवीन प्लेटलेट तयार होतात आणि त्या सात ते दहा दिवस टिकतात. प्लेटलेट याच पेशीचे तुकडे आहेत हे १९०६ मध्ये अमेरिकेतल्या जेम्स होमर राइट यांनी दाखवलं, तेही रंगवलेल्या स्लाइडवरच, दोन्हीकडचे ग्रॅन्यूल सारखे दिसतात हे बघून. त्यांच्या नावाचा राइट स्टेन आपल्या लिशमनचाच भाऊबंद.

सगळं देऊन झालं की उरतो नुसता न्यूक्लियस, काळपट आणि आक्रसलेला. तो नंतर मॅक्रोफेज (कचरा खाणाऱ्या पेशी) खाऊन टाकतात. स्लाइडवर असे थोडे दिसणारच. फार दिसले तर आधी आपल्या पसरण्याच्या हातावर संशय घ्या.

फसवणाऱ्या पेशी

ऑस्टिओक्लास्टने (हाड विरघळवणारी पेशी) भलेभले चकतात, विशेषतः लहान मुलांच्या मॅरोत. तीही प्रचंड मोठी. पण तिच्यात बरेच न्यूक्लियस असतात, सुटे, गोल, एकसारखे, प्रत्येकात न्यूक्लिओलस (आतला ठळक ठिपका). मेगाकॅरिओसाइटमध्ये एकच न्यूक्लियस, पाळ्या जोडलेल्या. पाळ्या सुट्या दिसत असतील तर फोकस हलवून मधला जोड शोधा. खरोखरच सुट्या असतील तर ती वेगळी बातमी आहे, पुढे येते.

कधी मेगाकॅरिओसाइटच्या पोटात न्यूट्रोफिल (एक पांढरी पेशी) बसलेला दिसतो, अख्खा, नीटनेटका. मुलं म्हणतात, ‘ताई, खाल्ला!’ खाल्लेला नसतो. तो आत शिरतो आणि जिवंत बाहेरही पडतो. याला एम्पेरिपोलेसिस म्हणतात. दिसला तर नोंदवा, घाबरू नका. मोठ्या पेशींचा एकमेकींना चिकटलेला पुंजका मात्र मेगाकॅरिओसाइट समजून सोडून देऊ नका. कॅन्सर मॅरोत पसरला असेल तर तो असाच पुंजक्याने दिसतो. अशी स्लाइड खूण करून थेट डॉक्टरांपुढे ठेवा.

वयावरून काय कळतं

मोजणीचा आमच्याकडचा हिशोब असा: दहाच्या लेन्सवर एक ते तीन फील्डांमागे एक पेशी असेल तर ठीक. पाच-दहा फील्ड फिरून एक सापडली तर कमी. प्रत्येक फील्डात दोनपेक्षा जास्त असतील तर वाढलेल्या. मोजणी पार्टिकलच्या जवळ करा, रिकाम्या जागेत करू नका.

आता आयटीपीचा रोगी घ्या, म्हणजे ज्याचं शरीर स्वतःच्याच प्लेटलेट मारतं तो. प्लेटलेट २० हजारांवर आलेल्या आणि मॅरोत मेगाकॅरिओसाइट भरपूर. पण नीट बघा, पुष्कळशा तरुण असतात: निळसर सायटोप्लाझम, कमी पाळ्या, कडेला प्लेटलेट नाहीत. शरीर तयार झालेल्या प्लेटलेट मारतंय, म्हणून मॅरो घाईघाईने नवीन पेशी पुढे काढतोय. ‘अ‍ॅडिक्वेट’ या एका शब्दात यातलं काही येत नाही. अप्लास्टिक अ‍ॅनिमियात (मॅरो रक्तपेशी बनवेनासा होतो तो आजार) उलट, पार्टिकल चरबीने भरलेले आणि मेगाकॅरिओसाइट शोधून सापडत नाहीत. रक्तातला आकडा दोन्हीकडे सारखाच पडलेला असू शकतो.

बी१२ ची कमतरता आपल्याकडे कमी नाही. अशा मॅरोत लाल पेशींच्या पूर्वज मोठ्या आणि क्रोमॅटिनने जाळीदार दिसतातच, पण मेगाकॅरिओसाइटच्या पाळ्याही सुट्या-सुट्या पडलेल्या सापडतात. तशाच सुट्या पाळ्या, किंवा लाल पेशीच्या दुप्पट-तिप्पट एवढीच बुटकी आणि तरीही ग्रॅन्यूलने भरलेली मेगाकॅरिओसाइट, मायलोडिस्प्लेसियातही (मॅरोत पेशी बिघडलेल्या घडतात तो आजार) दिसते. दोन्हींत फरक करणं आपलं काम नाही. आकार, पाळ्या आणि सायटोप्लाझम तिन्ही लिहून ठेवणं हे आपलं काम. बुटक्या पेशी दहाच्या लेन्सवर सुटतात, म्हणून चाळीसवर एक फेरी मारलीच पाहिजे.

डेंग्यूच्या दिवसांत

मार्चपासून सुरू झालेले कूलर पाऊस पडला की कोपऱ्यात सरकतात, पाणी तसंच राहतं, आणि पावसाळा सरताना काउंटरवर रांग लागते. चोपड्याकडचे एक काका सकाळ-संध्याकाळ खिडकीशी येऊन विचारायचे, ‘ताई, प्लेटलेट कितल्या शेतस?’ (किती आहेत?) डेंग्यूत मॅरो काढायची गरज नसते, पण आपल्याला मेगाकॅरिओसाइट कळली असेल तर त्या काकांना धड उत्तर देता येतं.

तापाच्या सुरुवातीच्या दिवसांत विषाणूमुळे मॅरो दबतो. नंतर तो स्वतःच उसळी घेतो. प्लेटलेट कमी झाल्या की थ्रॉम्बोपोएटिन वाढतं, त्याची रीत साधी आहे: लिव्हर ते जवळपास सारखंच बनवत राहतं, प्लेटलेट आणि मेगाकॅरिओसाइट ते शोषून घेतात. शोषणाऱ्या कमी झाल्या की रक्तात जास्त उरतं आणि मॅरोपर्यंत पोचतं. पण पोचलं म्हणजे दुसऱ्या दिवशी प्लेटलेट येत नाहीत. मधले ते पाच दिवस पेशीला लागतातच. म्हणून ताप उतरल्यावरही एक-दोन दिवस आकडा खाली जातो आणि साधारण सातव्या-आठव्या दिवसापासून चढायला लागतो. शहाद्याकडून पपईच्या पानांचा रस घेऊन येणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. मात्र रस सुरू केला तो दिवस आणि आकडा वाढला तो दिवस मी कागदावर मांडून दाखवते, आणि मॅरोचे पाच दिवसही.

आयटीपीत एल्ट्रोम्बोपॅगची गोळी चालू केलेल्यांनाही हेच सांगावं लागतं. ती थ्रॉम्बोपोएटिनच्याच रिसेप्टरवर काम करते, आकडा हलायला आठवडा-दोन आठवडे जातात. रोज सीबीसी करून पैसे घालवू नका असं डॉक्टरांनी सांगितलेलं असतं, तरी नातेवाईक येतातच.

तुमच्या मशिनवर आयपीएफ (कोवळ्या प्लेटलेटचं प्रमाण) येत असेल तर डेंग्यूत तो जरूर बघा. ताज्या, नुकत्या सुटलेल्या प्लेटलेटचं प्रमाण आधी वाढतं, एकूण आकडा नंतर. मशीन साधं असेल तर पेरिफेरल, म्हणजे रक्ताच्या, स्मिअरवर मोठ्या प्लेटलेट शोधा, अर्थ बराचसा तोच. आणि मशिनने अचानक फारच कमी आकडा दाखवला, रोगी मात्र ठणठणीत, तर स्मिअरच्या शेपटाकडे गुठळ्या बघा. ट्यूबमधल्या ईडीटीएमुळे (रक्त गोठू न देणारं रसायन) काहींच्या प्लेटलेट तिथेच एकमेकींना चिकटतात. सायट्रेटच्या निळ्या ट्यूबमध्ये परत घ्या आणि येणाऱ्या आकड्याला १.१ ने गुणा. अशा माणसाच्या मॅरोचा विषयच निघायला नको. निघालाच तर डॉक्टरांना तो जुना स्मिअर दाखवा.

वहीत काय लिहायचं

आमच्या वहीतली नोंद साधारण अशी असते: ‘पार्टिकल भरपूर. स्टेन ठीक, लाल पेशी गुलाबी. मेगाकॅरिओसाइट दर फील्डला दोन-तीन, वाढलेल्या. निम्म्याहून जास्त तरुण, निळसर, एक-दोन पाळ्यांच्या. प्लेटलेट सोडणारी पेशी क्वचित. बुटक्या नाहीत, सुट्या पाळ्या नाहीत. उघडे न्यूक्लियस थोडे.’ पाच-सहा ओळी, मराठीत लिहिल्या तरी चालतात, आमचे डॉक्टर वाचतात. खाली कोणत्या स्लाइडवर बघितलं तो नंबर टाका, आणि चांगली पेशी सापडलेल्या जागी मार्करने काचेच्या मागच्या बाजूला ठिपका द्या. पुढच्या बाजूला दिलात तर तेल पुसताना पुसला जातो.